केगचं प्रेशर गंडलंय? आधी रेग्युलेटरच्या स्क्रूवरचा हात काढा

घरी बिअर करून केगमध्ये (प्रेशरखाली बिअर ठेवायच्या स्टीलच्या पिंपात) भरणाऱ्यांच्या तक्रारी दोनच, एकतर ग्लासात नुसता फेस नाहीतर बिअर एकदम मिळमिळीत, आणि दोन्ही वेळा माणूस पहिलं काय करतो तर रेग्युलेटरचा (सिलिंडरमधल्या गॅसचं प्रेशर कमी करून केगला देणाऱ्या भागाचा) स्क्रू पिळतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! बऱ्याचदा प्रेशर बरोबरच असतं, घोळ भलतीकडेच असतो.

इथे अमेरिकेत बहुतेकांकडे असतो तोच सेटअप धरतोय: 5 गॅलनचा बॉल लॉक कॉर्नी केग (नळ्यांचे कनेक्टर दाबून बसवायचा उंच, अरुंद केग), 5 पौंडी सीओटू सिलिंडर, दोन गेजवाला रेग्युलेटर (मोठा गेज सिलिंडरमधलं प्रेशर दाखवतो, छोटा केगला जाणारं), सगळं गॅरेजमधल्या जुन्या फ्रिजमध्ये. फ्रिज 38 फॅरनहाइटला (साधारण 3 सेल्सियस) असेल तर 10 ते 12 पीएसआय (प्रेशरचं माप, पौंड प्रति चौरस इंच) एल-लागरसारख्या नेहमीच्या बिअरला पुरतं.

आता सिलिंडरकडचा मोठा गेज बघून घाबरू नका. आत सीओटू द्रवरूपात असतो, त्यामुळे द्रव संपेपर्यंत काटा जवळपास हलतच नाही आणि संपला की धाडकन खाली येतो. शिवाय खोलीत 800 च्या आसपास दाखवणारा सिलिंडर फ्रिजमध्ये ठेवला की साडेपाचशेवर येतो, ते लीक नाही, थंडी आहे. किती गॅस उरलाय हे कळायला सिलिंडर सरळ वजनकाट्यावर ठेवा, रिकामं वजन त्याच्यावर कोरलेलं असतंच.

खरंच लीक आहे का ते असं बघा. केगवरचा गॅस कनेक्टर काढा, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, काटे कुठे आहेत त्याचा फोटो काढून ठेवा आणि रात्रभर सोडून द्या. सकाळी काटे पडलेले असतील तर लीक रेग्युलेटर किंवा नळीकडे, म्हणजे क्लॅम्प बघा आणि सिलिंडरच्या जोडणीतला वॉशर बदला. काटे जागेवर असतील तर संशय केगवर. (केग जोडलेला ठेवून ही टेस्ट करू नका, नवीन बिअर गॅस पीत असते, प्रेशर तसंही उतरणारच.) मग केगला 30 पीएसआय द्या आणि भांड्याच्या साबणाचं घट्टसर पाणी झाकणाच्या कडेला, दोन्ही पोस्टवर (गॅस आणि बिअरचे कनेक्टर बसतात त्या तोंडांवर) आणि रिलीफ व्हॉल्व्हवर (झाकणावरच्या, ओढून गॅस सोडायच्या व्हॉल्व्हवर) लावा आणि जरा थांबा, मोठी गळती लगेच फसफसते पण बारीकवाली मोहरीएवढे बुडबुडे एकाच जागी हळूहळू जमवत बसते आणि तीच रातोरात सिलिंडर रिकामा करते. ओ-रिंग (सांध्यातली रबरी कडी) काढून बघा, चपटी झाली असेल किंवा चीर असेल तर नवी टाका, फूड ग्रेड सिलिकॉन ग्रीस चोळा. ओ-रिंग काही डॉलरला मिळतात, त्यात कंजूषी नको. पोस्ट उघडण्याआधी मात्र गॅसचा कनेक्टर काढून रिलीफ व्हॉल्व्हने केग पूर्ण मोकळा करा, नाहीतर पोस्ट गोळीसारखा उडतो.

फेसाचं वेगळं. फक्त पहिला ग्लास फेसाळ आणि दुसरा बरा असेल तर वरचा नळ गरम आहे, फ्रिजमध्ये छोटा पंखा लावून थंड हवा वर खेळवा. सगळेच ग्लास फेसाळ असतील तर लाइन (केगपासून नळापर्यंतची बिअरची नळी) मोजा, 3/16 इंची लाइन 12 पीएसआयला 10 फूट तरी हवी, किटसोबत येणारी बऱ्याचदा आखूडच असते. लाइनमध्ये केगच्या टोकापासूनच बुडबुडे निघत असतील तर बिअरच्या पोस्टखाली डिप ट्यूबची (केगच्या तळातून बिअर वर आणणाऱ्या नळीची) जी छोटी ओ-रिंग असते ती गेलीय, तिथून वरचा गॅस बिअरमध्ये घुसतो. ही शोधायला लोक महिना घालवतात.

बिअरमध्ये गॅस जास्त झाला असेल तर नुसता रेग्युलेटर कमी करून काही होत नाही, केगमधला गॅस आतच राहतो, आणि नळीत चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारा) नसेल तर उलटी बिअर रेग्युलेटरमध्ये जाते. गॅसचा कनेक्टर काढा आणि दिवसभर अधूनमधून रिलीफ व्हॉल्व्ह ओढत राहा, एक-दोन दिवसांत ताळ्यावर येतं.

आणि स्क्रूला हात न लावता छोटा गेज आपोआप चढत असेल, 10 चे 14, 14 चे 20, तर रेग्युलेटरच्या आतली सीट (गॅस अडवणारी बैठक) घाणीने किंवा झिजून बसत नाहीये. तिथे जुगाड चालणार नाही, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि रिपेअर किट नाहीतर नवा रेग्युलेटर आणा.