स्लोपचं चिन्ह उलटं येत होतं, त्यावरचा उपाय

पुतणी खानापूरहून बेळगावला पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला जाते. रेषेच्या स्लोपची (चढाची, म्हणजे दोन बिंदूंमधला य चा फरक भागिले क्ष चा फरक) तिची गणितं आकड्यांनी बरोबर यायची, चिन्ह मात्र अधूनमधून उलटं. वही घेऊन दोघं बसलो तेव्हा कारण सापडलं. वर य२ वजा य१ आणि खाली क्ष१ वजा क्ष२, अशी सरमिसळ होत होती.

सूत्र पुन्हा घोकायला लावलं नाही. दोन्ही बिंदू एकाखाली एक लिहायला सांगितले:

(२, ७)
(५, १)

आता दोन्हीकडे खालच्यातून वरचा वजा. य चा फरक १ − ७ = −६, क्ष चा ५ − २ = ३. चढ −६ ÷ ३ = −२. मग मुद्दाम वरच्यातून खालचा वजा करवला: ६ ÷ −३, पुन्हा −२च! तिचा चेहरा खुलला, मलाही फार बरं वाटलं. सुरुवात कुठूनही करा, वर-खाली क्रम एकच हवा.

पडताळ्यासाठी कच्ची आकृती काढायचीच. चोर्ला घाटातून गोव्याकडे उतरावं तशी रेषा डावीकडून उजवीकडे खाली येत असेल, तर चढ ऋणच. उभ्या रेषेत क्ष चा फरक ० येतो आणि शून्याने भागता येत नाही. तिथे चढ ० न लिहिता 'अव्याख्यात' लिहायचं.