ॲनाहुआकच्या दलदलीत बदकांच्या शिकारीला जाण्यापूर्वी

अमेरिकेतील टेक्सास राज्यात, ह्यूस्टनच्या पूर्वेला, ईस्ट गॅल्व्हस्टन उपसागराच्या काठाशी, ॲनाहुआक राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्य आहे. १९६३ साली ते स्थलांतर करणाऱ्या पाणपक्ष्यांसाठी राखले गेले. त्याच्या ठरावीक भागांत, हंगामाच्या काळात, परवाना घेतलेल्या माणसाला बदके आणि हंस यांची शिकार करता येते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वाढलेल्या आपल्या पिढीला अभयारण्य आणि शिकार हे शब्द एकत्र ऐकण्याची सवय नाही. म्हणूनच, ज्या जागेवर पहिला हक्क पक्ष्यांचा आहे तेथे आपल्याला बंदूक घेऊन येऊ दिले आहे, हे लक्षात ठेवून तयारी निदान पंधरा दिवस आधी सुरू करावी. माझ्या अनुभवात बहुतेक चुका आदल्या रात्री घरी, घाईघाईने सामान भरताना होतात.

प्रथम कागद. टेक्सास राज्याचा शिकारीचा परवाना ३१ ऑगस्टला संपतो, तेव्हा गेल्या हंगामातला परवाना पाकिटात पाहून निश्चिंत राहू नये. २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारी-शिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याचा दाखला लागतो. परवान्यावर स्थलांतरित पक्ष्यांसाठीची राज्याची जोडनोंद हवी, आणि मागील हंगामात किती पक्षी मारले याविषयीच्या प्रश्नांना उत्तरे देऊन केलेली ‘हिप’ नोंदणीही हवी. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला संघराज्याचा डक स्टॅम्प घ्यावा लागतो. १९३४ साली एक डॉलरला मिळणारे हे तिकीट आता पंचवीस डॉलरला मिळते आणि त्यातील जवळपास सारा पैसा पाणथळ जमिनी राखण्यावर खर्च होतो, त्यामुळे मला तो खर्च कधी जड वाटलेला नाही. कागदी तिकीट घेतले असेल तर त्याच्या दर्शनी बाजूवर शाईने सही करावी. सही नसलेले तिकीट चालत नाही. अभयारण्याचा स्वतःचा परवानाही सही करून जवळच बाळगायचा असतो. हे सर्व कागद ओळखपत्रासह झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत, छातीवरच्या खिशात ठेवावेत. गाडीत ठेवलेला परवाना दलदलीत उपयोगाचा नाही.

एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या मराठी मंडळींनी येथे विशेष जपावे. अस्थायी व्हिसावरील व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास संघराज्याच्या कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे. एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना हा या मनाईला असलेल्या अपवादांपैकी एक आहे. म्हणून आधी परवाना, मग बंदूक, हा क्रम मोडू नये, मित्राची बंदूक हाताळायची असली तरी मोडू नये, आणि किंचितही शंका असेल तर वकिलाला विचारूनच पुढे जावे.

बंदूक छऱ्यांची हवी आणि तिच्यात एकूण तीनपेक्षा जास्त काडतुसे मावता कामा नयेत, म्हणून काडतुसे भरायच्या नळकांड्यात अडसर बसवतात. तो बसला आहे असे गृहीत धरू नये. घरी, बंदूक पूर्ण रिकामी असल्याची खात्री करून, खोट्या काडतुसांनी तपासावे: नळकांड्यात दोन गेली आणि तिसरे अडले, तर ठीक, कारण तिसऱ्याची जागा बंदुकीच्या नळीत असते. शिशाच्या छऱ्यांवर पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी १९९१ पासून देशभर बंदी आहे, कारण चिखलात पडलेले छरे पक्षी खड्यांबरोबर गिळतात आणि विषबाधेने मरतात. बंदी केवळ झाडण्यावर नाही, जवळ बाळगण्यावरही आहे. तेव्हा जुन्या जाकिटाचा प्रत्येक खिसा उलटा करून पाहावा. पोलादी छरे हलके असल्याने दोन आकार मोठे घ्यावेत आणि लांबचा बार टाळावा.

पक्ष्यांची ओळख ही तयारीतली सर्वांत वेळ मागणारी बाब आहे. उजनीला किंवा जायकवाडीला हिवाळ्यात दिसणारे थापट्या आणि तलवार बदक येथेही उतरतात, त्यामुळे आपली सुरुवात अगदी कोरी नसते. दिवसाला एकूण सहा बदके ही मर्यादा असली तरी तिच्या आत प्रत्येक जातीची वेगळी मर्यादा आहे, आणि मॉटल्ड डक या जातीचे बदक हंगामाच्या पहिल्या पाच दिवसांत मारताच येत नाही. त्याची तपकिरी पिसे मॅलार्ड या बदकाच्या मादीसारखी दिसतात. पहाटेच्या अंधुक प्रकाशात खात्री नसेल तर बंदूक खालीच ठेवावी. आणखी महत्त्वाचे म्हणजे, पांढरे अंग व पंखांची काळी टोके हिमहंसाची असतात, तशीच हूपिंग क्रेन या संरक्षित क्रौंच पक्ष्याचीही असतात. क्रेन उडताना पाय शेपटीमागे लांब सरळ ताणलेले दिसतात. हंसाचे दिसत नाहीत. हा फरक चित्रे आणि चलचित्रे पाहून डोळ्यांत बसेपर्यंत मी कोणालाही सोबत नेत नाही.

पाण्याचा अंदाज केवळ भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून बांधू नये. थंड लाट आली की उत्तरेचा जोरदार वारा उपसागराचे पाणी समुद्राकडे ढकलतो आणि तक्त्यात भरती लिहिलेली असताना खाडीचा तळ उघडा पडतो. एका डिसेंबरात आमची होडी अशीच चिखलात रुतली आणि पाणी परतेपर्यंत दोन तास आम्ही कुडकुडत बसलो. वाऱ्याचा अंदाज मी वाचला नव्हता. तेव्हापासून जास्तीचे कोरडे कपडे, गरम चहाचा थर्मास, होकायंत्र आणि दोन हेडलॅम्प माझ्या सामानातून सुटत नाहीत. कमरेपर्यंतच्या वेडरवर, म्हणजे पाण्यात उतरण्याच्या जलरोधक पोशाखावर, पट्टा घट्ट आवळावा, होडीत लाइफ जॅकेट अंगात असावे, आणि कोणत्या भागात जाणार व किती वाजता परतणार हे घरी लिहून ठेवावे. कुत्रा नेणार असाल तर उबेच्या दिवसांत मगरींचा विचार आधी करा.

पहाटे चारपूर्वी शिकारीच्या भागात शिरता येत नाही. अभयारण्याच्या ईस्ट युनिट या भागात गाडीने जाणाऱ्यांनी तपासणी नाक्यावर येताना व जाताना नोंद करायची असते. दुसऱ्या गटापासून दीडशे यार्डांचे अंतर ठेवावे लागते, आणि शिकार दुपारी बाराला थांबते. म्हणून पक्ष्यांना भुलवायला पाण्यावर सोडलेली नकली बदके गोळा करायला आणि रिकामी काडतुसे वेचायला साडेअकरालाच लागावे. जखमी पक्षी शोधण्यासाठीही वेळ हाताशी ठेवावा, कारण तो शोधणे कायद्याने बंधनकारक आहे. मारलेला पक्षी तेथे पूर्ण सोलू नये. घरी पोहोचेपर्यंत त्याचे डोके किंवा पिसांसह एक पंख अंगाला जोडलेला राहिला पाहिजे, आणि आपल्या वाट्याचे पक्षी सोबत्याच्या गाडीतून पाठवायचे असतील तर सही, पत्ता, जात, संख्या आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी त्यांना बांधायची असते, म्हणून दोरा आणि पेन्सिलही त्याच प्लॅस्टिक पिशवीत टाकावी.