आईबाबांची औषधं परदेशात जुळवताना

आईबाबा कायमचे आमच्याकडे राहायला आले आणि पहिली अडचण आली ती औषधांची. इथल्या डॉक्टरांना त्यांच्या गोळ्यांची नावंच ओळखीची नव्हती. ब्रँडचं नाव देशागणिक बदलतं. कधी तर त्याच नावाखाली दुसऱ्या देशात वेगळंच औषध मिळतं, आणि हे खरोखर धोक्याचं आहे.

मग प्रत्येक पाकिटावरचं जेनेरिक नाव (म्हणजे ब्रँडचं नव्हे, तर औषधातल्या मूळ घटकाचं नाव), मिलिग्रॅम आणि घ्यायची वेळ मी एका कागदावर उतरवून काढली. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन सगळीकडे मेटफॉर्मिनच असतं. पॅरासिटामॉलला मात्र अमेरिकेत ॲसिटॅमिनोफेन म्हणतात.

साखरेच्या आकड्यांनी जास्त घाबरवलं. बाबांना १८० बघायची सवय, इथलं यंत्र १० दाखवायचं. साखर पार उतरली असंच त्यांना वाटलं! फरक फक्त एककाचा होता: मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरला १८ ने भागलं की मिलिमोल प्रति लिटर येतं. तसा तक्ता करून यंत्राच्या डबीत ठेवला, बाबांची धास्ती गेली.

निघण्याआधीच डॉक्टरांकडून जेनेरिक नावांचं सहीशिक्क्याचं पत्र घ्या. झोपेच्या आणि तीव्र वेदनांवरच्या काही गोळ्यांवर बऱ्याच देशांत निर्बंध असतात, तेवढं आधी तपासा.