जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण: फवाऱ्याआधी झाडलोट

जास्वंदीवर कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला की आपण लगेच निंबोळी तेल फवारतो, आणि १५ दिवसांत तो परत हजर. कोथरूडच्या आमच्या गॅलरीत हे दोनदा झालं. आता क्रम असा:

१. किडलेले शेंडे कापून थेट पिशवीत टाका, तोंड गच्च बांधा.
२. कुंडीतली गळलेली पानं उचला. कुंडीच्या काठाखाली आणि ताटलीत बघा. आमच्याकडे निम्मी वस्ती तिथेच होती!
३. कात्री स्पिरिटने पुसून मगच दुसऱ्या झाडाला लावा.

मुंग्यांची रांगही मोडा. कीड सोडते त्या गोड चिकट द्रवासाठी मुंग्या तिची राखण करतात.

हे शेंडे घरच्या कंपोस्टमध्ये मात्र टाकू नका. बादली तेवढी तापत नाही, कीड जगते.