सापडलेले ऑनलाइन मांडताना: छायाचित्र, ध्वनिमुद्रण आणि रोजच्या नोंदी

स्वतःला सापडलेली गोष्ट ऑनलाइन मांडण्यापूर्वी एक प्रश्न विचारून घ्यावा: आपण लिहिलेले वाचून एखादा अनोळखी माणूस त्या वस्तूपर्यंत किंवा त्या आवाजापर्यंत स्वतःहून पोहोचू शकेल का, आणि आपण सांगितले ते खरे आहे की नाही हे त्याला पडताळून पाहता येईल का? ‘अप्रतिम!’ एवढ्याच मजकुरासह टाकलेल्या छायाचित्राला चार जणांची दाद मिळते आणि दुसऱ्या दिवशी ते कोणाच्याही उपयोगाचे राहत नाही. पुढील सूचना छायाचित्रे, जुने संगीत आणि रोजची टिपणे अशा तिन्ही प्रकारांसाठी आहेत. छायाचित्रांविषयी अधिक लिहिले आहे, कारण निष्काळजीपणा तेथेच सर्वाधिक होतो.

उदाहरणासाठी वीरगळ घेऊ. लढताना मरण पावलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेले हे दगड महाराष्ट्रात मंदिरांच्या आवारात, पारावर, वेशीजवळ आजही आढळतात आणि पुष्कळदा शेंदराखाली ओळखूही येत नाहीत. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. खालच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर असतो, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेताना दिसतात, वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो आणि माथ्यावर बहुधा चंद्र-सूर्य व कलश असतात. खालच्या चौकटीत गाई कोरलेल्या असतील, तर त्या वीराला गोधन राखताना मरण आले असे सामान्यतः समजतात. एवढे माहीत असले की कॅमेरा कोठे धरायचा हे आपोआप ठरते: एक छायाचित्र दगड आणि भोवतालचा परिसर दाखवणारे, एक पूर्ण दगडाचे अगदी समोरून, आणि मग प्रत्येक चौकटीचे वेगळे, खालून वरच्या क्रमाने. दगडावर अक्षरे असतील तर ती एकाहून अधिक कोनांतून टिपावीत, कारण एका कोनात पुसट वाटणारे अक्षर दुसऱ्या कोनात वाचता येते.

येथे सर्वांत महत्त्वाचा आहे तो प्रकाश. दगडावरील कोरीवकामाचा उठाव कमी असतो, आणि माध्यान्हीच्या उन्हात किंवा समोरून मारलेल्या फ्लॅशमध्ये तो सपाट होऊन जातो. सकाळचे किंवा उतरते ऊन तिरपे पडते, तेव्हा प्रत्येक रेघेच्या कडेला बारीक सावली उभी राहते आणि घोड्याचा लगाम, ढालीची कड, बोटांची मूठ असे तपशील उघड होतात. दगड कायम सावलीत असेल तर सोबत्याला बॅटरी घेऊन एका बाजूला उभे करावे आणि प्रकाशाचा झोत पृष्ठभागाला जवळजवळ समांतर जाईल असा धरायला सांगावे; झोताची बाजू बदलून तीच चौकट पुन्हा टिपली, तर पहिल्या वेळी न दिसलेले काही तरी दिसतेच. अक्षरे उठून दिसावीत म्हणून दगडावर खडू घासणे, तेल-पाणी ओतणे किंवा शेंदूर खरवडणे हे प्रकार मुळीच करू नयेत. त्याने दगडाचे नुकसान होते, आणि ज्या गावकऱ्यांनी आपल्याला आवारात येऊ दिले त्यांच्या श्रद्धेचाही तो अवमान ठरतो. मोजमापासाठी शेजारी शाळेतील पट्टी ठेवावी. नाणे ठेवण्याची प्रथा आहे खरी, पण नाण्यांचे आकार बदलत राहतात.

आता मजकूर. त्यात तीन प्रकारची वाक्ये एकमेकांत मिसळू देऊ नयेत: स्वतः पाहिलेले, तेथे कोणी सांगितलेले आणि पुस्तकात वाचलेले. मुंबईत बोरिवलीच्या पश्चिमेस एकसर येथे वीरगळ आहेत आणि त्यांच्यावर जहाजांतून चाललेली लढाई कोरलेली आहे. त्यांच्याविषयी लिहायचे झाल्यास ‘वल्ह्यांची जहाजे एका रांगेत दिसतात’ हे पाहिलेले वाक्य झाले. ‘ही लढाई यादव राजा महादेव आणि कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यातील असावी, असे काही अभ्यासक मानतात’ हे वाचलेले वाक्य झाले, आणि त्यातील ‘असावी’ व ‘मानतात’ हे शब्द गाळण्याचा अधिकार आपल्याला नाही. दगडाजवळ राहणाऱ्या एखाद्या आजोबांनी वेगळीच कथा सांगितली तर तीही जरूर द्यावी, फक्त ती कोणाकडून ऐकली हे सांगून द्यावी. ‘हजार वर्षांपूर्वीचा’ असा शिक्का मारण्याची घाई करू नये. दगडावर कोरलेल्या लेखात शकाचे वर्ष नसेल तर काळ ठरवणे हे शैली जाणणाऱ्यांचे काम आहे. माझ्या मते ऑनलाइन फिरणाऱ्या इतिहासविषयक चुकीच्या माहितीचा मोठा भाग हेतुतः खोटे लिहिल्यामुळे पसरलेला नसून असा एखादा ‘असावा’ गळाल्यामुळे पसरलेला आहे.

ठिकाण किती अचूक सांगायचे हा मात्र विचारपूर्वक ठरवण्याचा मुद्दा आहे. वर्दळीच्या देवळातील शिल्पाचा पूर्ण पत्ता द्यायला हरकत नाही, परंतु रानात एकट्या पडलेल्या मूर्तीचा, घुबडाच्या घरट्याचा किंवा दुर्मीळ आमरीच्या (ऑर्किडच्या) फुलाचा नेमका ठिकाणा जाहीर करणे म्हणजे चोराला आणि उत्साही गर्दीला एकाच वेळी निमंत्रण देणे होय. अशा वेळी तालुक्याच्या नावावर थांबावे. जीवसृष्टीच्या नोंदी ठेवणाऱ्या आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर संकटग्रस्त जातींचे ठिकाण आपोआप धूसर केले जाते: अक्षांश-रेखांशाच्या ०.२ अंशांच्या चौकोनात कोठे तरी, एवढेच इतरांना दिसते. आपणही तोच दंडक पाळावा. मात्र मजकुरात गाव लपवले आणि छायाचित्राच्या फाइलमध्ये ते राहून गेले, असे पुष्कळदा होते. मोबाइलमध्ये स्थाननोंद चालू असेल तर प्रत्येक फाइलच्या पोटात, एक्झिफ नावाच्या माहितीत, तारीख-वेळेसोबत अक्षांश-रेखांशही जातात. व्हॉट्सॲपवर साधे छायाचित्र म्हणून पाठवले तर ही माहिती गळून पडते. तेच छायाचित्र डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर ती शाबूत पोहोचते. म्हणून प्रसिद्ध करण्याची प्रत वेगळी काढावी, तिच्यातील स्थान पुसावे आणि मूळ फाइल सर्व माहितीसह स्वतःजवळ जपावी. त्या प्रतीचा रंगावकाश, म्हणजे फाइलमध्ये रंग नोंदवण्याची पद्धत, एसआरजीबी ठेवावा, कारण ॲडोबी आरजीबी या दुसऱ्या पद्धतीत साठवलेले छायाचित्र पुष्कळ पडद्यांवर फिके दिसते.

संगीताकडे वळू. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकड्या माळ्यावर किंवा जुन्या बाजारात सापडतात, तेव्हा पहिला मोह असतो तो लगेच वाजवून पाहण्याचा. तो आवरावा. त्या तबकड्या लाखेच्या असल्यामुळे त्या स्पिरिटने किंवा अल्कोहोल असलेल्या कोणत्याही द्रवाने पुसू नयेत. लाख त्यात विरघळते. एलपीची, म्हणजे नंतरच्या काळातील बारीक खाचांच्या तबकडीची, सुई वापरली तर ती ७८ च्या रुंद खाचेच्या तळाशी घरंगळत राहते आणि गाण्यापेक्षा खरखरच अधिक ऐकू येते. या तबकड्यांना सुमारे तीन सहस्रांश इंच टोकाची सुई लागते. वाजवण्याआधी दोन्ही बाजूंच्या लेबलांचे स्पष्ट छायाचित्र घ्यावे: कलाकार, राग किंवा नाटक, कंपनी, कॅटलॉग क्रमांक. लेबल आणि खाचा यांच्यामधील गुळगुळीत पट्ट्यात काही अंक कोरलेले किंवा उठलेले असतात, तेही उतरवून घ्यावेत, कारण ध्वनिमुद्रण कोणते आणि केव्हाचे हे ठरवताना संग्राहकांना ते अंक लेबलापेक्षा अधिक उपयोगी पडतात. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटेच मावतात, आणि त्या मर्यादेत गवई काय करतो हेच मुळी ऐकण्यासारखे असते.

म्हणून संगीताविषयी लिहिताना भावना थोडी बाजूला ठेवून घड्याळ हाती घ्यावे. नासाने १९७७ साली व्हॉयेजर यानांसोबत पाठवलेल्या सोनेरी तबकडीवर केसरबाई केरकर यांची भैरवी आहे, ती साडेतीन मिनिटांची, हे अनेकांना ऐकून माहीत असते. गोव्यातील केरी गावी जन्मलेल्या या गायिकेचा आवाज अंतराळात गेला, एवढे सांगून बहुतेक टिपणे थांबतात. त्याऐवजी ते ध्वनिमुद्रण तीनदा ऐकावे आणि तान कोणत्या सेकंदाला सुटते, कोणती जागा पुन्हा येते, समेवर येण्याआधी कोणता शब्द किती लांबवला आहे, हे मिनिट-सेकंदांसह लिहावे. ‘१ मिनिट १० सेकंदांपाशी ऐका’ अशा एका वाक्याने वाचक जसा ऐकायला बसतो, तसा ‘स्वर्गीय’, ‘दैवी’ या विशेषणांनी बसत नाही. रागाविषयी खात्री नसेल तर नाव न देता सुरावटीचे वर्णन करावे.

ध्वनिमुद्रण स्वतः चढवण्यापूर्वी कायदा पाहावा लागतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क, प्रकाशनानंतरचे कॅलेंडर वर्ष सुरू झाल्यापासून ६० वर्षे राहतो. गीत आणि चाल यांवरील हक्क मात्र कर्त्याच्या मृत्यूनंतर त्याच हिशेबाने ६० वर्षे राहतो. म्हणजे १९३५ ची तबकडी ध्वनिमुद्रण म्हणून मुक्त असली, तरी तिच्यातील गीत लिहिणारा १९८५ मध्ये वारला असेल तर त्या गीतावरील हक्क २०४५ अखेरपर्यंत टिकतो. समीक्षेसाठी छोटा अंश वापरण्याची मुभा कायद्यात आहे, पण ‘तीस सेकंदांपर्यंत चालते’ हा सर्वत्र ऐकू येणारा नियम कायद्यात कोठेही नाही. शंका असेल तेथे अधिकृत ठिकाणाचा दुवा द्यावा आणि आपले लेखन तेवढे आपले ठेवावे. स्वतःची छायाचित्रे इतरांना वापरू द्यायची असतील तर क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे ठरावीक अटींवर सर्वांना वापराची मुभा देणारा, परवाना निवडावा. तो एकदा दिला की ज्यांना मिळाला त्यांच्याकडून परत घेता येत नाही, हे लक्षात ठेवावे. विकिपीडियाला छायाचित्रे पुरवणाऱ्या विकिमीडिया कॉमन्स या मुक्त संग्रहात ‘व्यावसायिक वापरास मनाई’ असलेला परवाना स्वीकारला जात नाही, त्यामुळे तेथे छायाचित्रे द्यायची असल्यास तो निर्णय आधीच करावा.

रोजच्या नोंदींना कायद्याचा जाच कमी आणि सवयीचा अधिक. एका नोंदीत एकच गोष्ट, आणि ती कॅमेऱ्याला न सापडणारी असेल तर उत्तम. गोव्यात सकाळी सायकलवरून येणाऱ्या पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, छायाचित्रे हजारांनी आहेत. त्याच्या भोंग्याचा आवाज किती वाजता कोणत्या गल्लीतून येतो, तो ऐकून कोणत्या घराचे दार आधी उघडते, टोपलीतील पावांपैकी उंडे आधी संपतात की पोये, आणि कातरे पाव मागणारे वयाने कोण असतात, हे लिहून ठेवणारा विरळा. अशी नोंद दीडशे-दोनशे शब्दांत बसते. तिच्यात शेजाऱ्यांची खरी नावे, घरांचे क्रमांक किंवा लहान मुलांचे चेहरे येऊ देऊ नयेत. ज्याच्याविषयी लिहिले त्याने ती वाचली तर त्याला ओशाळे वाटेल काय, एवढे पाहणे पुरेसे असते. रागाच्या भरात लिहिलेली नोंद रात्रभर राहू द्यावी. विनोदी नोंदीलाही तोच नियम लावावा, कारण रात्रीचा विनोद सकाळी क्वचितच टिकतो.

सर्व मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सर्व संगणकांना व मोबाइलना समान कळणाऱ्या अक्षर-संकेतातच, टंकावा. जुन्या डीटीपी फॉन्टांमध्ये लिहिलेले मराठी शोधयंत्राला दिसत नाही, आणि अंधांसाठी वाचून दाखवणाऱ्या प्रणालीलाही ते कळत नाही. त्याच वाचकांसाठी प्रत्येक छायाचित्राला एका वाक्याचे पर्यायी वर्णन जोडावे. ‘वीरगळ’ एवढे न लिहिता ‘तीन चौकटींचा काळ्या दगडाचा वीरगळ, खालच्या चौकटीत घोडेस्वार’ असे लिहावे. कोणी चूक दाखवली तर मूळ वाक्य गुपचूप न बदलता खाली तारखेसह दुरुस्ती नोंदवावी आणि चालत असल्यास दाखवणाऱ्याचे नाव द्यावे, कारण दरम्यान तो मजकूर कोणी तरी उतरवून पुढे पाठवलेला असतो आणि त्या प्रतीपासून मागे येणाऱ्याला काय बदलले ते कळायला हवे.