उसनी इनिट फाइल

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझ्या वडिलांचे आयुष्य लेथवर गेले. लेथलाच लागणारा एखादा बुश किंवा बोल्ट ते त्याच लेथवर कातून घेत. ईमॅक्स हा संगणकावर मजकूर लिहिण्याचा संपादक (एडिटर) मला लवकर पटला तो बहुधा यामुळेच. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ साली जीएनयू ईमॅक्स प्रसिद्ध केला. त्याचा गाभा सी भाषेत असला तरी वरचा बहुतेक डोलारा ईमॅक्स लिस्पमध्ये लिहिलेला असल्याने, चालू असलेल्या संपादकाची कळ, रंग किंवा संपूर्ण आज्ञा त्याच्याच पोटात बसून बदलता येते. ही मोकळीक मात्र नवख्या माणसाला सुरुवातीला महागात पडते.

राजारामपुरीतील एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत रुजू झालो, तेव्हा मी मित्राची २४० ओळींची इनिट फाइल, म्हणजे ईमॅक्स उघडताना वाचतो ती सेटिंगची फाइल, जशीच्या तशी उचलली. पहिल्याच दिवशी कोणती कळ कोणती आज्ञा चालवते हे पाहण्यासाठी कंट्रोल-एच दाबून के दाबायला गेलो, तर मदत उघडण्याऐवजी आधीचे अक्षर पुसले गेले आणि त्या जागी ‘के’ उमटले. पुढे फाँटचा आकार वाढवण्यासाठी डॉट-ईमॅक्स-डॉट-डी फोल्डरमधील इनिट फाइल बदलली, तीन वेळा संपादक बंद करून उघडला, तरी अक्षरे तेवढीच. शेजारी बसणारे ज्येष्ठ सहकारी शांतपणे म्हणाले, “अरे, आधी कोरा उघडून बघ की.”

कोरा उघडणे म्हणजे टर्मिनलमध्ये, अर्थात आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, ईमॅक्सच्या नावापुढे डॅश आणि कॅपिटल क्यू देणे. लहान क्यूने आपली इनिट फाइल टळते, तर कॅपिटल क्यूने तिच्यासोबत संगणकावरील सर्वांसाठीची साइट फाइलही टळते. कोऱ्या ईमॅक्समध्ये अडचण नाहीशी झाली तर दोष आपल्या सेटिंगमध्ये किंवा वरून जोडलेल्या एखाद्या पॅकेजमध्ये आहे, एवढे नक्की होते. माझी मदत-कळ तेथे नीट चालली. मग फाइलचा खालचा अर्धा भाग टिप्पणीत टाकायचा (म्हणजे ईमॅक्स तो सोडून देतो), ईमॅक्स नव्याने उघडायचा, दोष राहिला तर उरलेल्याचे पुन्हा दोन भाग करायचे, असे करत गेलो. २४० ओळींना फार तर आठ फेऱ्या लागतात. गुन्हेगार सापडला तो एका ओळीत: मित्राने कंट्रोल-एचला मागचे अक्षर पुसण्याचे काम दिले होते. भाग पाडताना कंस मात्र पूर्ण ठेवावेत. अर्धवट कंस राहिला तर ‘एंड ऑफ फाइल ड्युरिंग पार्सिंग’ अशी नवीच तक्रार उभी राहते. तेव्हा एम-एक्स (ऑल्ट धरून एक्स) देऊन चेक-पॅरेन्स ही आज्ञा चालवावी. फाइल सुरुवातीलाच अडखळत असेल, तर डीबग-इनिट हा पर्याय देऊन ईमॅक्स उघडल्यास बॅकट्रेस, म्हणजे त्या क्षणी चालू असलेल्या फंक्शनांची यादी, दिसतो आणि कोणत्या फंक्शनपाशी गाडी अडली ते कळते.

फाँटचे कारण याहून साधे निघाले. मित्राची फाइल उचलताना मी ती माझ्या होम फोल्डरमध्ये डॉट-ईमॅक्स या नावाने ठेवली होती व ते विसरलो होतो. ती असली की ईमॅक्स तीच वाचतो आणि डॉट-ईमॅक्स-डॉट-डी फोल्डरमधील इनिट फाइलकडे पाहतही नाही. कंट्रोल-एच, मग व्ही दाबून यूझर-इनिट-फाइल हे चल (व्हेरिएबल) विचारले असते, तर कोणती फाइल वाचली गेली ते एका ओळीत कळले असते. तीन तास वाया गेले.

आमच्या कामात मराठी बिलांचा मजकूर असे, म्हणून देवनागरीची एक गोष्ट सविस्तर सांगतो. पडद्यावर रिकाम्या चौकटी दिसत असतील तर ती अक्षरे असलेला फाँट ईमॅक्सला सापडलेला नाही. अक्षरे दिसतात, पण ‘कोल्हापूर’मधील ‘ल्हा’ फुटून हलंत वेगळा दिसतो, तेव्हा जोडाक्षरांच्या जुळणीत गडबड आहे. कर्सर अक्षरावर ठेवून कंट्रोल-यू, कंट्रोल-एक्स आणि = हे चिन्ह दाबल्यास त्या अक्षराचा युनिकोड संकेतांक आणि वापरलेला फाँट दोन्ही दिसतात. ‘ळ’साठी ०९३३ आला, तर फाइलमधील मजकूर ठीक आहे आणि दोष केवळ दाखवण्यात आहे. २०२० साली आलेल्या २७व्या आवृत्तीपासून ही जुळणी हार्फबझ ही अक्षरे जुळवणारी लायब्ररी करते. आपल्या ईमॅक्समध्ये ते आहे की नाही हे सिस्टिम-कॉन्फिगरेशन-फीचर्स या चलात दिसते. देवनागरीपुरता फाँट ठरवायचा असेल तर सेट-फाँटसेट-फाँट वापरावे. इंग्रजीचा फाँट बदलण्याची गरज नसते.

आता माझी फाइल ९० ओळींची आहे. प्रत्येक ओळीच्या वर ती का घातली हे मराठीत लिहिलेले असते, आणि ज्या ओळीचे कारण मला सांगता येत नाही ती मी काढून टाकतो. कस्टमाइझ या ईमॅक्सच्या सेटिंग-पडद्यावरून केलेले बदल कस्टम-फाइल या चलाने वेगळ्या फाइलीत वळवले आहेत, नाहीतर ते माझ्या ओळींमध्ये येऊन मिसळतात. मागच्या जूनमध्ये आमच्याकडे आलेल्या मुलीनेही कुणाची तरी फाइल आणली होती. तिने कंट्रोल-एच दाबले आणि अक्षर पुसले गेले. मी तिला एफ-वन दाबायला सांगितले. मदत त्या कळीवरही असते.