मंदीचं पाणी कुठवर आलं, ते नाशिकमध्ये कसं मोजायचं

गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिकचा माणूस क्युसेक विचारत बसत नाही. तो विचारतो, गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर आलं? गुडघ्याला असेल तर दुकान उघडं राहतं. छातीला लागलं म्हटलं की भांडी बाजारात आणि सराफ बाजारात खालचा माल वरच्या फळीवर चढायला लागतो. मंदीसाठीही आपल्या शहरात अशा खुणा आहेत, फक्त त्या चार-पाच ठिकाणी विखुरल्यात. त्या कशा वाचायच्या ते लिहून ठेवते. कारण देशात मंदीची बातमी आली की आपल्याकडे अर्धे लोक म्हणतात "संपलं आता", आणि उरलेले म्हणतात "नाशिकला काही होत नाही". दोघांपैकी कुणीच मोजलेलं नसतं.

माझी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत खानावळ आहे, २००३ च्या कुंभाच्या वर्षी सुरू केलेली. कारखान्यातली पोरं मावशी म्हणतात. रोजचे डबे किती गेले, खाडे किती, उधारी कुणाची, हे पहिल्या दिवसापासून वहीत आहे. २००८, २०१९ आणि २०२० या तिन्ही वेळची मंदी त्या वह्यांत आहे.

आधी वही

शंभर पानी वही घ्या. महिन्यातला एक दिवस ठरवा, मंगळवार किंवा बुधवार. रविवार नको, दिवाळीच्या आधीचा आठवडा नको, आणि श्रावणी सोमवार तर नकोच; त्या दिवशी त्र्यंबकची गर्दी बघून सगळा देश सुखात आहे असं वाटतं. जागा तीच, वेळ तीच. पहिल्या नोंदीवरून काहीच कळत नाही, चौथ्या महिन्यापासून फरक दिसायला लागतो.

अंबड-सातपूर, पहिली पाळी भरताना

सकाळी साडेसहा ते सव्वासात या वेळात उभं राहायचं. पाथर्डी फाटा, उत्तमनगर, सातपूरकडे पपया नर्सरी, यातली घराजवळची कुठलीही जागा चालेल. कंपनीच्या बसगाड्या मोजू नका. बसमध्ये बहुतेक कायम कामगार असतात आणि त्यांची बस मंदीतही येते. पायी, सायकलवर किंवा एका मोटारसायकलवर तिघं बसून येणारी कंत्राटी पोरं मोजा.

मंदीचा क्रम मी २००८ ला आणि २०१९ ला सारखाच पाहिला. आधी ओव्हरटाइम बंद होतो. मग रात्रपाळी जाते. मग कंत्राटी पोरांना ब्रेक मिळतो, म्हणजे कामावरून बसवतात. त्यानंतर 'नो प्रॉडक्शन डे' सुरू होतात, म्हणजे आठवड्यातले एक-दोन दिवस गेटच बंद. कायम कामगाराच्या खिशाला सगळ्यात शेवटी झळ लागते. नुसतं त्याच्याकडे बघत राहिलात तर मंदी आल्याचं तुम्हाला सहा महिने उशिरा कळेल.

मालकाला "धंदा कसा आहे?" विचारू नका. "चाललंय" एवढंच उत्तर मिळतं, आणि त्यात त्याची चूक नाही; खरं बोलला तर उद्या माल देणारा रोख पैसे मागेल. चहाच्या टपरीवर विचारा की रात्री किती कप जातात. भंगारवाल्याला विचारा की टर्निंगचं भंगार आठवड्याला किती फेऱ्या भरतंय. लेथ फिरली तरच तो कीस पडतो. चुंचाळे, दत्तनगर, कामटवाडे या भागातली एखादी गल्ली धरा आणि 'खोली भाड्याने देणे आहे' अशा पाट्या मोजा. खानदेशातली, बिहार-ओडिशातली पोरं एका खोलीत चार-पाच जण राहतात. ती गावी गेली की पंधरा दिवसांत पाटी लागते. माझ्यासारखीकडे आलात तर दिवसाचे डबे विचारू नका, रात्रीचे विचारा.

२०१९ चं पान उघडून सांगते. त्या ऑगस्टमध्ये देशातली प्रवासी गाड्यांची विक्री आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा ३१ टक्क्यांहून जास्त घसरली. आपल्याकडे महिंद्राच्या गाड्या बनतात, बॉशमध्ये (जुनी माणसं अजून मायकोच म्हणतात) डिझेल इंजिनाचे सुटे भाग बनतात, सिएटचे टायर बनतात, आणि त्यांच्यासारख्या कारखान्यांच्या मागे जॉब वर्क करणारे गाळेच गाळे आहेत. तिकडे शोरूममध्ये गिऱ्हाईक आलं नाही की इकडे कुठल्यातरी गाळ्यात व्हीएमसी, म्हणजे धातू कापायचं मशीन, बंद पडतं. जूनमध्ये माझे दिवसाचे डबे १६४ होते, सप्टेंबरात ९१ झाले. रात्रीचे ३८ वरून ४ वर आले. एका गाळ्यातली अकरा पोरं माझ्याकडे खात्यावर जेवायची. तो गाळा बंद झाला आणि तीन महिन्यांचं बिल बुडालं. त्या मालकावर माझा राग नाही, त्याचंच बिल वरून चार महिने सुटलं नव्हतं. त्याच ऑगस्टमध्ये गोदावरीला मोठा पूर येऊन सराफ बाजारात पाणी शिरलं होतं. घरी बसून वाटायचं, या वर्षी सगळंच बुडतंय.

तेव्हा मी फक्त एकच खूण बघत होते, अंबडची. बाकीच्या खुणा बघायला मी त्या वर्षी शिकले.

लासलगाव: मथळ्यातला भाव सोडून द्या

लासलगाव बाजार समितीचे कांद्याचे भाव रोज बाहेर येतात. त्यात चार आकडे असतात, आवक, किमान, कमाल आणि सरासरी. बातमीच्या मथळ्यात कमाल भाव असतो, तो एखाद-दोन ट्रॉल्यांना मिळालेला असतो. तुम्ही आवक आणि सरासरी एवढंच उतरवा आणि दोन्हींचा गुणाकार करा. समजा १५ हजार क्विंटल आवक आणि दीड हजार रुपये सरासरी, तर एका दिवसात सव्वादोन कोटी रुपये जिल्ह्यातल्या घरांत आले. हाच हिशोब पिंपळगाव बसवंतचा करा, पावसाळा सरता तिथल्या टोमॅटोचाही करा.

पण गुणाकार करून थांबू नका. ओळखीच्या एका कांदा उत्पादकाला विचारून त्याचा क्विंटलमागचा खर्च वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. सरासरी त्याच्या वर असेल तर पैसा मेन रोडला येतो, ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये जातो, लग्नाच्या बस्त्याला जातो. खाली असेल तर तो पैसा सोसायटीचं कर्ज आणि औषधवाल्याची उधारी यातच जिरतो. तेव्हा आकडा मोठा दिसला तरी शहरात काही येत नाही.

कांद्याच्या निर्यातबंदीच्या तारखा लाल शाईने लिहा. २९ सप्टेंबर २०१९, १४ सप्टेंबर २०२०, ८ डिसेंबर २०२३. त्यानंतरच्या पंधरा दिवसांतली सरासरी त्यांच्या शेजारी लिहा. शहरात स्वस्त कांदा मिळाला म्हणून बरं वाटणाऱ्या माणसाला ते पान दाखवा. नाशिकच्या ताकदीला कारखान्यांच्या मंदीइतकीच मोठी ठेच या एका ओळीच्या आदेशाने लागते, असं माझं मत आहे.

दिंडोरी रस्ता

द्राक्षाच्या दोन छाटण्या असतात, एप्रिलची खरड आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी. गोडी छाटणीच्या दिवसांत सकाळी दिंडोरी रस्त्याला उभं राहा आणि पेठ-सुरगाण्याकडून मजूर घेऊन येणाऱ्या जीप मोजा. बागायतदाराच्या मनात आशा किती आहे ते त्यावरून कळतं, कारण मजुरी त्याला आधी मोजावी लागते आणि माल विकला जातो जानेवारीनंतर. मग जानेवारी ते एप्रिल पॅकहाउसपुढचे रेफर कंटेनर, म्हणजे माल थंड ठेवणारे, मोजा. ती द्राक्षं न्हावाशेव्याहून युरोपला जातात, म्हणजे आपल्या देशातला गिऱ्हाईक हात आखडून बसला असला तरी तो पैसा येत असतो.

२०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी पावसाने बागा झोडपल्या. त्यामुळे त्या वर्षी द्राक्षाने शहर तारलं असं मी म्हणणार नाही. तरी जानेवारीत मी दिंडोरी रस्त्यावरच्या एका पॅकहाउसला पंचेचाळीस डबे द्यायला लागले. सगळ्या बायका, निवडायला आणि पेट्या भरायला आलेल्या. कांद्याला मात्र त्या वर्षाअखेरीस असा भाव होता की मोठं पातेलं घ्यायला भांडी बाजारात गेले तर दुकानदार म्हणाला, "ताई, अंबडचं गिऱ्हाईक दिसत नाही, पण निफाड-येवल्याचं थांबलेलं नाही." वहीत मी ते वाक्य तसंच लिहून ठेवलंय. माझ्या ९१ डब्यांचे तोवर १३० झाले होते.

नाशिक रोड, ओझर, पंचवटी

या खुणा महिन्यातून एकदा बघितल्या तरी पुरे. नाशिक रोडला दोन प्रेस आहेत, इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि करन्सी नोट प्रेस. ओझरला १९६० च्या दशकापासून विमानं बनतात, आधी मिग, मग सुखोई, आता तेजस. देवळालीला तोफखान्याची छावणी. या सगळ्यांचे पगार मोटारींच्या विक्रीवर ठरत नाहीत. २०१६ च्या नोव्हेंबरात सगळा देश रांगेत उभा होता तेव्हा नोट प्रेसचे कामगार सुट्ट्या सोडून नोटा छापत होते. पगार झाल्यावरच्या पहिल्या शनिवारी बिटको चौकातल्या कापडाच्या दुकानांत किती गर्दी आहे ते बघा आणि एका ओळीत लिहा.

पंचवटीत रामकुंडावर साध्या मंगळवारी बाहेरगावच्या किती बसगाड्या लागल्यात ते मोजा. सध्याची एक अडचण मात्र आहे. २०२७ च्या कुंभाची कामं निघाली की रस्ते, घाट, लॉजची डागडुजी यामुळे मजूर, सिमेंट, डंपर सगळीकडे दिसतात. ती नोंद वेगळ्या पानावर करा, नाहीतर बारा वर्षांतून एकदा येणारा पैसा तुम्ही रोजचा म्हणून धराल.

वही वाचायची कशी

प्रत्येक खुणेपुढे तीनच शब्द वापरा: चढलं, तेवढंच, उतरलं. अंबड-सातपूर उतरलेलं असताना बाकीच्यांतल्या किमान दोन खुणा 'तेवढंच' किंवा 'चढलं' असतील, तर छातीला हात लावून म्हणा की नाशिक उभं आहे. तेवढ्याही नसतील तर म्हणू नका. २०१९ ला माझ्या वहीप्रमाणे उभं होतं.

२०२० चं सांगायचं तर एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचं उत्पन्न पहिल्या अंदाजानुसार २३.९ टक्क्यांनी आटलं, शेतीचं तेवढं ३.४ टक्के वाढलं. आपल्या जिल्ह्याला ते ३.४ कळत होतं, बांधावर माल होता. पण माझ्या वहीत डब्यांच्या जागी शून्य आहे आणि त्याखाली पोळ्यांचे आकडे आहेत. मुंबई-आग्रा रस्त्याने माणसं पायी उत्तरेकडे निघाली होती, लहान लेकरं घेऊन. आमच्या गल्लीतल्या सात बायका रोज पोळ्या लाटायच्या, एका दिवशी बाराशे झाल्या. पीठ दिलं ते माझ्याकडे जेवणाऱ्या पोरांच्या घरमालकांनी आणि सातपूरच्या एका गाळेवाल्याने, ज्याचं स्वतःचं मशीन बंद होतं. ते आकडेही मी खुणांतच धरते.

पुण्याचा माझा भाचा म्हणायचा, "मावशी, नाशिक म्हणजे निवांत गाव, पैसा पुण्यात." त्याच्याशी मी वाद घातला नाही. २०१९ चं पान पुढे ठेवलं, अंबड उतरलेलं, कांदा चढलेला, नाशिक रोड तेवढंच. त्याने विचारलं की पुण्यासाठी अशी वही कशी करायची. मी सांगितलं, चाकणपासून सुरू कर.

तुम्ही नाशिकमध्ये असाल तर पहिली नोंद येत्या मंगळवारी करा. पावणेसातला गरवारे पॉइंटला या. डब्यांची गाडी घेऊन मी तिथेच असते, रात्रीचे किती गेले ते सांगेन.